एक गाणे, दोन मालक: टेलर स्विफ्टची कारकीर्द आणि 'मास्टर'चा गुंता

अमेरिकी गायिका-गीतकार टेलर स्विफ्टचे 'लव्ह स्टोरी' हे गाणे स्ट्रीमिंगच्या ॲपवर शोधले, तर त्याच्या दोन नोंदी सापडतात. एक २००८ सालची आणि दुसरी २०२१ सालची. दुसरीच्या नावापुढे कंसात 'टेलर्स व्हर्जन' असे लिहिलेले असते. शब्द तेच, चाल तीच, गाणारी तीच आणि लांबीही दोन्हींची जवळपास चार मिनिटेच. सरावलेल्या कानाला नव्या गाण्यातला आवाज थोडा अधिक भरीव आणि ठाम वाटतो, कारण पहिल्या वेळी गाणारी मुलगी अठरा वर्षांची होती आणि दुसऱ्या वेळी तिशी ओलांडलेली स्त्री गात होती. पण ज्याने दोन्ही लागोपाठ ऐकली नाहीत, त्याला फरक सांगता येणे अवघड आहे. हा फरक ऐकू येऊ नये, यासाठीच तर सगळा खटाटोप केलेला होता. एखादी यशस्वी गायिका आपलीच जुनी गाणी, काहीही न बदलता, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा का गाते, या प्रश्नाचे उत्तर संगीतात सापडत नाही. ते करारात आणि कायद्यात सापडते.

आपण सहज बोलताना 'हे गाणे तिचे आहे' असे म्हणतो. कायद्याच्या नजरेत मात्र प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. पहिली म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल. ही कागदावर उतरवता येते, कोणालाही गुणगुणता येते, आणि तिचा स्वामित्वहक्क मुळात गीतकार व संगीतकार यांचा असतो. दुसरी मालमत्ता म्हणजे त्या रचनेचे एक विशिष्ट ध्वनिमुद्रण: अमुक दिवशी, अमुक स्टुडिओत, अमुक वादकांसह टिपला गेलेला प्रत्यक्ष आवाज. ध्वनिफितीच्या काळात ज्या मूळ फितीवरून पुढच्या सगळ्या प्रती काढल्या जात, तिला 'मास्टर' म्हणत. फिती गेल्या, पण शब्द राहिला, आणि आज 'मास्टरचे हक्क' म्हणजे ध्वनिमुद्रणाची मालकी असा अर्थ रूढ झाला आहे. अमेरिकेत हे हक्क परंपरेने रेकॉर्ड कंपनीकडे जातात, रचनेचे हक्क मात्र लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वतीने काम पाहणाऱ्या म्युझिक पब्लिशरकडे असतात.

या दोन मालमत्ता किती स्वतंत्रपणे हिंडू शकतात, याचे प्रसिद्ध उदाहरण १९८५ चे आहे. मायकल जॅक्सनने त्या वर्षी सुमारे ४ कोटी ७५ लाख डॉलर मोजून एटीव्ही ही पब्लिशिंग कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या बहुसंख्य गाण्यांच्या रचनांचे हक्क त्याच्याकडे आले. बीटल्सच्या रेकॉर्ड मात्र त्याच्या झाल्या नाहीत. ती ध्वनिमुद्रणे इएमआय या रेकॉर्ड कंपनीकडेच राहिली. म्हणजे एकाच गाण्याचे शब्द आणि चाल एकाकडे, त्याचा ऐकू येणारा आवाज दुसऱ्याकडे, आणि ज्या दोघांनी ते लिहिले आणि गायले त्यांच्याकडे यांतले थेट काहीच नाही, अशी ती स्थिती होती.

पैसाही याच दोन वाटांनी वाहतो. रेकॉर्ड विकली गेली, गाणे डाउनलोड झाले किंवा स्ट्रीम झाले, की एक वाटा ध्वनिमुद्रणाच्या मालकाला जातो आणि कराराप्रमाणे त्यातला काही भाग गायकाला मिळतो. दुसरा, बहुतेक वेळा लहान, वाटा रचनाकारांना जातो. हा दुसरा वाटा अमेरिकेत मोठ्या प्रमाणात सरकारी दराने ठरतो, आणि त्यामागे एक मजेदार इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपोआप वाजणारे पियानो लोकप्रिय होते. त्यांत भोके पाडलेली कागदाची गुंडाळी घातली की सूर वाजत. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी गुंडाळी म्हणजे गाण्याची नक्कल नव्हे, असा निकाल दिला आणि संगीतकार रिकाम्या हाताने राहिले. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून त्यांना प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट मिळण्याची सोय केली, पण त्याबरोबर एक अट घातली: एकदा गाणे ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आले, की ठरलेला दर भरून दुसरा कोणीही ते पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकेल आणि रचनाकाराला नाही म्हणता येणार नाही. दोन सेंटचा तो दर १९७८ पर्यंत हलला नाही. २०२२ पर्यंत तो ९.१ सेंट होता आणि २०२३ मध्ये १२ सेंट झाला. एकाच लोकप्रिय गाण्याच्या डझनभर आवृत्त्या निघू शकतात त्या या सक्तीच्या परवान्यामुळेच.

साध्या रेडिओची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार रेडिओ केंद्रावर गाणे वाजले, की रचनाकाराला मोबदला द्यावा लागतो; गायकाला आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाला देण्याचे बंधन नाही. रेडिओवर वाजणे हीच त्यांची जाहिरात, असा त्यामागचा जुना युक्तिवाद आहे. जी गायिका स्वतः लिहीत नाही, तिचे गाणे दिवसभर रेडिओवर वाजले तरी कायद्याने तिला त्यातून काही मिळत नाही. टेलर स्विफ्टच्या कारकिर्दीकडे पाहताना हा भेद मनात ठेवावा लागतो, कारण तिची खरी भांडवली ठेव आवाजापेक्षा लेखणी ही होती, आणि ती ठेव तिने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर ठेवली.

१३ डिसेंबर १९८९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात जन्मलेल्या या मुलीचे नाव गायक-गीतकार जेम्स टेलर याच्यावरून ठेवले होते. लहानपण नाताळची झाडे वाढवणाऱ्या शेतावर गेले, वडील शेअर दलाल होते आणि आजी ऑपेरा गायिका होती. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिने गिटार हाती घेतली आणि त्याबरोबरच गाणी लिहायला सुरुवात केली. ती चौदा वर्षांची असताना कुटुंब टेनेसी राज्यात नॅशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिल या गावी राहायला आले. नॅशव्हिल ही कंट्री संगीताची राजधानी. तिथे एक प्रकारची गिरणीच चालते, जिच्यात पगारी गीतकार सकाळी कार्यालयात येतात, दोघातिघांच्या जोड्या करून बसतात आणि संध्याकाळपर्यंत एक गाणे तयार करून जातात. सोनी/एटीव्ही या पब्लिशरने चौदा वर्षांच्या टेलरला करारावर घेतले ते अशीच एक गीतकार म्हणून. शाळा सुटली की ती शहरात येऊन मोठ्यांबरोबर लिहायला बसत असे. तिच्या सुरुवातीच्या अनेक गाण्यांची सहलेखिका लिझ रोझ हिने पुढे सांगितले आहे, की या बैठकांत आपले काम बरेचसे संपादकाचे असे. मुलीला काय म्हणायचे आहे ते तिला पक्के ठाऊक असायचे.

त्याआधी आरसीए या मोठ्या कंपनीबरोबर तिचा प्राथमिक करार झाला होता, पण कंपनीला वाट पाहायची होती आणि टेलरला थांबायचे नव्हते. तिने तो करार सोडला. नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफे या शंभरेक माणसेही मावत नाहीत अशा जागेत, जिथे गीतकार मध्यभागी बसून आपलीच गाणी गातात आणि श्रोते त्यांच्या भोवती टेबलांवर असतात, तिला स्कॉट बोर्चेटा याने ऐकले. तो स्वतःची कंपनी काढण्याच्या बेतात होता. २००५ मध्ये बिग मशीन रेकॉर्ड्स उभी राहिली आणि पंधरा वर्षांची टेलर तिच्या पहिल्या कलावंतांपैकी एक झाली. करार सहा अल्बमचा होता आणि त्यातून तयार होणारे प्रत्येक ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचे असणार होते.

हा करार अन्यायकारक होता का, असा प्रश्न पुढे फार विचारला गेला. माझ्या मते तो नेहमीसारखा होता, आणि गोची नेमकी तिथेच आहे. रेकॉर्ड कंपनी नवख्या कलावंताला आगाऊ रक्कम देते, स्टुडिओ, वादक, जाहिरात, चित्रफीत या सगळ्यांचा खर्च उचलते आणि दहांतले आठ-नऊ अल्बम तोट्यात जातील हे गृहीत धरून चालते. त्या जोखमीच्या बदल्यात ती मास्टरची मालकी मागते. आगाऊ रक्कम ही भेट नसते. कलावंताच्या स्वामित्वधनातून (रॉयल्टीतून) ती आणि खर्चाचा मोठा भाग आधी वळता केला जातो आणि तोवर त्याच्या खात्यात उणे आकडा दिसत राहतो. पण हे सगळे फिटल्यानंतरही मास्टर कंपनीचेच राहते. घराचे कर्ज पूर्ण फेडावे आणि घर तरी बँकेच्याच नावावर असावे, असा तो व्यवहार आहे. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही नाही, तो अशा करारावर सही करतो, आणि यशस्वी झाल्यावरच त्याला कळते की आपण काय देऊन बसलो.

२००६ मध्ये पहिला अल्बम आला. प्रत्येक गाण्यावर लेखक म्हणून तिचे नाव होते, काहींवर एकटीचे. २००८ च्या 'फिअरलेस'ने तिला देशभर नेले आणि २०१० मध्ये, विसाव्या वर्षी, त्या अल्बमसाठी तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले. एवढ्या लहान मुलीची गाणी खरे तर मोठे सहलेखकच लिहितात, अशी कुजबुज तेव्हा होतीच. त्याला उत्तर म्हणून पुढच्या 'स्पीक नाऊ' (२०१०) या अल्बममधली चौदाच्या चौदा गाणी तिने कोणालाही सोबत न घेता लिहिली. मला ही गोष्ट तिच्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा महत्त्वाची वाटते. त्या वेळी तो स्वाभिमानाचा प्रश्न होता, पण दहा वर्षांनी त्या हट्टाला बाजारभाव आला. 'रेड' (२०१२) मध्ये ती कंट्री आणि पॉप यांच्या सीमेवर उभी होती, '१९८९' (२०१४) मध्ये तिने सीमा उघडपणे ओलांडली, आणि त्याच अल्बमने तिला दुसऱ्यांदा तेच ग्रॅमी मिळवून दिले.

या वर्षांत ती पैशाविषयी उघडपणे बोलू लागली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिची गाणी स्पॉटिफायवरून काढून घेण्यात आली, कारण फुकट ऐकणाऱ्यांसाठी आणि पैसे भरणाऱ्यांसाठी एकच दार उघडे असणे तिला मान्य नव्हते. ती गाणी २०१७ मध्ये तिथे परत आली. हे काढून घेणे शक्य झाले ते बिग मशीनही तिच्या बाजूने होती म्हणून, कारण ध्वनिमुद्रणे कंपनीची होती. जून २०१५ मध्ये ॲपलने आपल्या नव्या संगीत सेवेचे पहिले तीन महिने ग्राहकांना मोफत देण्याचे आणि त्या काळात कलावंतांनाही काही न देण्याचे ठरवले, तेव्हा तिने जाहीर पत्र लिहिले आणि एका दिवसाच्या आत ॲपलने निर्णय बदलला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये बिग मशीनचा करार संपला आणि ती युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीच्या रिपब्लिक रेकॉर्ड्सकडे गेली. या नव्या करारात यापुढच्या सर्व ध्वनिमुद्रणांची मालकी तिची असेल, असे कलम होते. दुसरे एक कलमही लक्षात घेण्यासारखे आहे: युनिव्हर्सलने स्पॉटिफायमधील आपले शेअर विकले, तर त्यातला कलावंतांचा वाटा त्यांच्या उणे खात्यात वळता न करता थेट हातात द्यावा, ही अट तिने सर्व कलावंतांसाठी घालून घेतली. वर सांगितलेला आगाऊ रकमेचा हिशेब ज्याला कळला आहे, त्यालाच या अटीचे मोल कळेल.

जुने सहा अल्बम मात्र मागे राहिले. ३० जून २०१९ रोजी बातमी आली, की स्कूटर ब्रॉन या व्यवस्थापकाच्या इथाका होल्डिंग्जने बिग मशीन विकत घेतली आहे. किंमत सुमारे ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले गेले. टेलरने जाहीर लिहिले, की हे आपल्याला जगाबरोबरच कळले, ब्रॉनकडून आपल्याला पूर्वी त्रास झाला आहे, आणि आपण मास्टर मागितले तेव्हा एक नवा अल्बम द्या आणि एक जुना घ्या असा प्रस्ताव आपल्यापुढे ठेवला गेला होता. बोर्चेटाने हे नाकारले; आपण तिला आधी कळवले होते आणि तिच्यासमोर चांगला प्रस्ताव होता, असे त्याचे म्हणणे होते. तिचे वडील स्वतः कंपनीचे छोटे भागधारक होते, हा मुद्दाही त्यात आला. कोणाचे किती खरे, याचा निवाडा कोणत्याही न्यायालयात झाला नाही, कारण कायदेशीर वाद असा काही नव्हताच. कंपनीला विकण्याचा अधिकार होता आणि तिने विकले. नोव्हेंबर २०२० मध्ये हेच मास्टर शॅमरॉक या गुंतवणूक संस्थेकडे गेले. शॅमरॉकशी आपली बोलणी सुरू झाली होती, पण पुढेही ब्रॉनला या गाण्यांतून उत्पन्न मिळत राहणार हे कळल्यावर आपण मागे फिरलो, असे टेलरने त्या वेळी सांगितले.

इथून पुढे गोष्ट कायद्याच्या एका जुन्या फटीकडे वळते. अमेरिकेत ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले तेच मुळी १५ फेब्रुवारी १९७२ पासून, आणि ते देताना कायद्याने एक मर्यादा स्पष्ट लिहून ठेवली: संरक्षण फक्त प्रत्यक्ष टिपलेल्या आवाजाच्या नकलेविरुद्ध आहे, कोणी स्वतंत्रपणे वादक जमवून, नव्याने गाऊन, अगदी हुबेहूब तसाच आवाज तयार केला, तर तो भंग होत नाही. मूळ फितीतला एक सेकंदही उचलायचा नाही, एवढीच अट. त्यामुळे गायकाला आपले गाणे पुन्हा गाण्यापासून कायदा अडवत नाही. अडवतो तो करार. रेकॉर्ड कंपन्या त्यात एक कलम घालतात, की अल्बम निघाल्यापासून साधारण पाच वर्षे, किंवा करार संपल्यापासून दोन वर्षे, यांतले जे उशिरा येईल तोवर कलावंताने तीच गाणी इतर कोणासाठी गाऊ नयेत. टेलरने ऑगस्ट २०१९ मध्येच सांगून टाकले होते, की नोव्हेंबर २०२० पासून पहिले पाच अल्बम पुन्हा करायला आपण मोकळ्या आहोत. करार नोव्हेंबर २०१८ मध्ये संपला होता, हिशेब जुळतो. २०१७ चा सहावा अल्बम 'रेप्युटेशन' अर्थातच नंतर मोकळा होणार होता. (तू गाणी पुन्हा रेकॉर्ड कर आणि मुखपृष्ठ नवे लाव म्हणजे चाहते नवीच घेतील, असा सल्ला गायिका केली क्लार्कसन हिने जुलै २०१९ मध्ये जाहीरपणे दिला होता.)

कल्पना नवी नव्हती. एव्हर्ली बंधू या गायक जोडीने साठच्या दशकात नव्या कंपनीसाठी जुनी गाणी पुन्हा गायली होती, आणि मास्टरच्या मालकीवरून कंपनीशी भांडताना गालावर 'गुलाम' असा शब्द लिहून रंगमंचावर येणाऱ्या प्रिन्स या गायकानेही हा मार्ग चोखाळला होता. पण अशा आवृत्त्या बहुधा स्वस्त संग्रहांत जाऊन पडत. श्रोत्याच्या कानात बसलेली असते ती पहिली रेकॉर्ड. दुसरी कितीही चांगली असली तरी परकी वाटते. टेलरपुढे अडचण हीच होती, की नवे गाणे इतके जुन्यासारखे हवे की ऐकणाऱ्याने ते बदली म्हणून स्वीकारावे, आणि त्यात काहीतरी इतके नवे हवे की त्याने ते मुद्दाम घ्यावे.

पहिल्या अर्ध्यासाठी तिने निर्माता ख्रिस्तोफर रोव याच्यासह जुन्या गाण्यांचा ओळीओळीने अभ्यास केला. तालाचा वेग, वाद्यांची जागा, श्वास कुठे घेतला होता, कुठल्या शब्दावर आवाज किंचित कापला होता, हे सगळे ऐकून ते पुन्हा उभे करायचे होते. काही मूळ वादक परत बोलावले, तिच्या दौऱ्यांतला वाद्यवृंद सोबत होता. 'फिअरलेस' एप्रिल २०२१ मध्ये आला. दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर त्याच्या यादीत होते. २००८ च्या अल्बममध्ये तेरा गाणी होती, नव्यात सव्वीस. तेव्हा लिहून ठेवलेली पण जागेअभावी वगळलेली गाणी तिने 'तिजोरीतली' म्हणून बाहेर काढली. गीतकाराच्या वहीत अशी गाणी असतातच, आणि ती पूर्वी प्रसिद्ध झालेली नसल्यामुळे त्यांची जुनी आवृत्ती बाजारात नव्हती.

याचा कळस नोव्हेंबर २०२१ मध्ये 'रेड'बरोबर आला. लिझ रोझबरोबर लिहिलेले 'ऑल टू वेल' हे मूळ गाणे साडेपाच मिनिटांचे होते; त्याचा पहिला खर्डा खूप लांब होता, अशी आख्यायिका चाहत्यांत वर्षानुवर्षे फिरत होती. तिने तो दहा मिनिटांचा खर्डा गायला आणि ते बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेले सर्वांत लांब गाणे ठरले. आधीचा विक्रम १९७२ मधला होता. २०२३ च्या जुलैत 'स्पीक नाऊ' आणि ऑक्टोबरमध्ये '१९८९' आले. '१९८९'च्या मूळ आवृत्तीचे अमेरिकेत पहिल्या आठवड्यात १२ लाख ८७ हजार अल्बम खपले होते. नव्या आवृत्तीचा पहिल्या आठवड्याचा आकडा १६ लाखांच्या पुढे गेला. मोजण्याची पद्धत मधल्या काळात बदलली आणि आता स्ट्रीमही त्यात धरले जातात, हे लक्षात घेतले तरी जुन्या मालाच्या दुसऱ्या विक्रीला असा प्रतिसाद मिळणे अभूतपूर्व होते.

तरीही केवळ चाहत्यांच्या निष्ठेने जुन्या मास्टरची किंमत उतरली नसती. त्यासाठी लेखणी लागली. चित्रपट, मालिका किंवा जाहिरात यांत गाणे वापरायचे असेल, तर निर्मात्याला दोन परवाने घ्यावे लागतात: एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडून, दुसरा रचनेच्या मालकाकडून. रेकॉर्ड काढण्यासाठी जो सक्तीचा परवाना आहे, तो इथे लागू नाही. इथे रचनाकार सरळ नाही म्हणू शकतो आणि हवी ती किंमतही मागू शकतो. टेलरने जुन्या आवृत्त्यांसाठी नाही म्हणायला सुरुवात केली. मास्टर ब्रॉनच्या किंवा शॅमरॉकच्या कपाटात होते, पण त्यांना मोठ्या जाहिरातीत किंवा चित्रपटात न्यायचे तर तिची सही लागत होती, आणि ती सही मिळत नव्हती. नव्या आवृत्तीसाठी मात्र दोन्ही सह्या एकाच टेबलावर मिळत.

समजा, ती फक्त गायिका असती आणि तिची गाणी दुसऱ्यांनी लिहिलेली असती. तेव्हाही सक्तीचा परवाना घेऊन ती पुन्हा गाता आली असती. पण जाहिरात कंपनी जुन्या मास्टरच्या मालकाकडे गेली असती, गीतकाराने आनंदाने होकार दिला असता, कारण त्याला कोणत्याही आवृत्तीतून पैसे मिळतातच, आणि गायिकेच्या नव्या आवृत्तीची गरज कोणालाच भासली नसती. कंट्री गायिका-गीतकार डॉली पार्टनला हे फार आधी कळले होते. सत्तरच्या दशकात एल्विस प्रेस्लीला तिचे 'आय विल ऑलवेज लव्ह यू' गायचे होते, पण त्याच्या व्यवस्थापकाने पब्लिशिंगचा, म्हणजे रचनेच्या हक्कांचा, अर्धा हिस्सा मागितला; तिने रडत का होईना नकार दिला. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते गाऊन जगभर नेले, तेव्हा रचनेचे पैसे पार्टनच्याच घरी गेले. कंट्री गाण्यांच्या यादीत मूळ आणि पुन्हा गायलेली अशा दोन्ही आवृत्त्या पहिल्या क्रमांकावर नेणारी पहिली कलावंत पार्टन आहे, तेही याच गाण्याने. दुसरी टेलर, 'लव्ह स्टोरी'ने.

या यशाचा उलटा परिणामही झाला. मोठ्या रेकॉर्ड कंपन्या आता नव्या करारांत पुन्हा गाण्याची बंदी दहा, पंधरा, क्वचित तीस वर्षांपर्यंत मागू लागल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या. म्हणजे टेलर ज्या दारातून बाहेर पडली, ते दार तिच्या मागून येणाऱ्यांसाठी अरुंद होत आहे. शिवाय हा मार्ग महागडा आहे. पूर्ण अल्बम पुन्हा रेकॉर्ड करण्याचा खर्च, तो खपेल इतका चाहतावर्ग, आणि त्यासाठी दिलेली वर्षे प्रत्येकाकडे नसतात. चाहत्याने तेच अल्बम, तेही वेगवेगळ्या रंगांच्या तबकड्यांत, दुसऱ्यांदा विकत घ्यावे, यात चातुर्यपूर्ण व्यापार किती आणि हक्कांची लढाई किती, हा प्रश्नही रास्त आहे; माझ्या मते दोन्ही होते आणि तिने ते फारसे लपवलेही नाही.

दरम्यान नव्या, स्वतःच्या मालकीच्या अल्बमांचा प्रवाह थांबला नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत तिने 'फोकलोर' आणि 'एव्हरमोर' असे दोन शांत, कथात्मक अल्बम दिले. 'फोकलोर'ला तिसरे आणि 'मिडनाइट्स'ला २०२४ मध्ये चौथे सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले. चार वेळा हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली कलावंत आहे. मार्च २०२३ मध्ये ॲरिझोनात सुरू झालेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये व्हँकुव्हरला संपलेला तिचा 'इराज' दौरा १४९ कार्यक्रमांचा होता आणि त्याच्या तिकीटविक्रीने २०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला.

त्याच पैशाने शेवटचा व्यवहार झाला. ३० मे २०२५ रोजी तिने चाहत्यांना लिहिलेल्या पत्रात सांगितले, की पहिल्या सहा अल्बमांचे मास्टर, त्यांच्या चित्रफिती, मुखपृष्ठांची चित्रे आणि अप्रकाशित गाणी, हे सर्व तिने शॅमरॉककडून विकत घेतले आहे. किंमत तिने सांगितली नाही. बातम्यांत सुमारे ३६ कोटी डॉलरचा आकडा आला. पहिला अल्बम पूर्ण पुन्हा गाऊन तयार असल्याचे तिने त्यात लिहिले, 'रेप्युटेशन'चा मात्र पाव भागही झालेला नव्हता. पुन्हा करून सुधारेल असे वाटले नाही असा तोच एक अल्बम होता, अशी कबुली तिने दिली. आता त्याची गरजही उरली नव्हती.

'लव्ह स्टोरी'च्या दोन्ही नोंदी ॲपवर अजून तशाच आहेत. एखाद्या निर्मात्याला आपल्या चित्रपटात अठरा वर्षांच्या मुलीच्या आवाजातली २००८ ची आवृत्ती हवी असेल, तर त्याला आजही दोन परवाने लागतील, एक ध्वनिमुद्रणाचा आणि एक रचनेचा. फक्त आता दोन्ही अर्ज एकाच पत्त्यावर जातील.